‘घरातच आहोत, काळजी करू नका’ म्हणजे नेमकं काय? बर्फाच्या वादळाची गोष्ट, सोप्या भाषेत

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत दोन गावांचं हवामान बघितलं जातं. इथलं आपलं ठरलेलं: पारा चौदा-पंधरावर आला की कानटोप्या निघतात आणि रंकाळ्यावरची सकाळची गर्दी जरा उशिरा जमते. दुसरं गाव बफेलो, बोस्टन, शिकागो नाहीतर टोरांटो. लेक-जावई तिकडं, आणि इथं टीव्हीवर बातमी की बर्फाचं वादळ आलंय, विमानं रद्द, लाखो घरांत वीज नाही. फोन लावला की उत्तर येतं, ‘घरातच आहोत, काळजी करू नका.’

उत्तर खरं असतं, पण अर्धं. घरात थांबणं हा अशा वादळातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. तरी घरात थांबलेली माणसंही दगावतात, आणि त्यातले काही मृत्यू तर चक्क ऊब मिळवण्याच्या धडपडीत होतात. गॅरेजमध्ये सुरू ठेवलेली गाडी, खोलीत आणलेली कोळशाची शेगडी, वादळ थांबल्या थांबल्या हातात घेतलेलं फावडं. हे कसं घडतं ते एकदा कळलं की फोनवर ‘जेवलास का’च्या पुढं काय विचारायचं, तेही कळतं.

बर्फ किती पडला, यावरून धोका कळत नाही

ढोबळ हिशेब असा की १० सेंटीमीटर बर्फ वितळला की साधारण १ सेंटीमीटर पाणी होतं. २०२२ च्या नाताळात बफेलोच्या विमानतळावर सुमारे १३० सेंटीमीटर बर्फ पडला. म्हणजे पावसाच्या भाषेत १३० मिलिमीटर. गगनबावड्यात जुलैमध्ये एका दिवसात एवढा पाऊस झाला तर पेपरात चौकटीत आकडा येतो, बस्स. मग बफेलो आणि आसपास त्या वादळात चाळीसहून जास्त माणसं का गेली?

पाऊस पडतो आणि वाहून जातो. बर्फ पडला तिथंच राहतो, आणि वारा तो उचलून दारात, रस्त्यात, गाड्यांवर रचत जातो. म्हणूनच अमेरिकेची हवामान संस्था ब्लिझर्ड हा शब्द वापरताना बर्फाची जाडी बघतच नाही. वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, उडणाऱ्या बर्फामुळं ४०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही, आणि ही अवस्था किमान ३ तास टिकली, तर ते ब्लिझर्ड. आकाशातून नवा बर्फ न पडताही, जमिनीवरचाच उडून ब्लिझर्ड होऊ शकतं. बफेलोत ते सलग ३७ तास चाललं. रुग्णवाहिका रुतल्या, अग्निशमनाच्या गाड्या रुतल्या, बर्फ हटवणारी यंत्रंसुद्धा रुतली. मदतीचा नंबर लागत होता, पण मदत दारापर्यंत पोचू शकत नव्हती.

वाऱ्याचं दुसरं काम म्हणजे अंगाची ऊब पळवणं. आपल्या कातडीलगत गरम हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून लावतो. तापमान उणे १८ आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल तर शरीराला ते उणे २८ सारखं वाटतं. याला विंड चिल म्हणतात. अशा हवेत उघडं नाक, कान, बोटं अर्ध्या तासात गोठायला लागतात. मुलगा ‘आज मायनस अठ्ठावीस’ म्हणाला तर तो थर्मामीटरचा आकडा सांगतोय की विंड चिल, ते विचारावं. बहुतेक वेळा दुसरा असतो, कारण तो सांगायला जास्त भारी वाटतो.

मग आधी कळत नाही का?

कळतं, आणि चांगलं एक-दोन दिवस आधी कळतं. तिकडं इशाऱ्याच्या दोन मुख्य पायऱ्या आहेत, ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्याला या समजावून सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. वॉच म्हणजे ३९: वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा. वॉर्निंग म्हणजे ४३: वादळ आलंच किंवा येतंच आहे, आता हलू नका. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायला ४३ ची वाट बघत नाहीत. तसंच तिकडंही औषधं, दूध, बॅटऱ्या आणायच्या त्या वॉचच्या दिवशीच. वॉर्निंग लागल्यावर दुकानात जाणारा माणूस परतीच्या वाटेवर अडकतो.

खाण्यापिण्याची काळजी इथल्या आयांना फार असते, आणि खरं सांगायचं तर तिची गरज सगळ्यात कमी. मराठी घरात पोहे, शेंगदाणे, चटणी, पीठ हे असतंच. वीज गेली तरी फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतलं अन्न चार तास चांगलं राहतं, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो. पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. शहराबाहेर ज्यांची बोअर आहे त्यांचा पंप विजेवर चालतो, म्हणून आधीच पिण्याचं पाणी भरून ठेवतात आणि संडासासाठी बाथटब भरतात. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडून नळ बंद झाले होते, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना बाथटबचा उपयोग लगेच पटेल.

घरं तर गरम असतात ना तिकडची?

असतात, वीज आहे तोवर. बहुतेक घरांत तळघरात भट्टीसारखं यंत्र असतं, त्याला फर्नेस म्हणतात. ते गॅसवर चालतं आणि गॅस जमिनीखालच्या पाइपानं येतो, त्यामुळं वादळात गॅस सहसा बंद होत नाही. पण गरम झालेली हवा खोल्यांत ढकलायला पंखा लागतो, आणि तो पंखा विजेवर. म्हणजे गॅस आहे, यंत्र धडधाकट आहे, तरी वीज गेली की घर थंड.

अशा वेळी सगळं घर तापवायचा नाद सोडायचा. सगळ्यांनी एकाच खोलीत यायचं, बाकीची दारं लावायची, दाराखालच्या फटीत टॉवेल सारायचे. दिवसा ऊन आलं तर पडदे उघडायचे, अंधार पडला की ओढून घ्यायचे. एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ कपडे बरे, कारण दोन कपड्यांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते.

फर्नेसची आणखी एक गंमत आहे, आणि ती नव्यानं घर घेतलेल्यांना ठाऊक नसते. नव्या यंत्रांचा धूर छपरावरच्या धुराड्यातून न जाता बाहेरच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर निघालेल्या एका प्लास्टिकच्या पाइपातून जातो. वाऱ्यानं रचलेला बर्फ त्या पाइपाचं तोंड बुजवतो. मग यंत्र बंद पडतं, नाहीतर धूर घरात उलटतो. वारा जरा पडला की आधी ते तोंड मोकळं करायचं, अंगण आणि गाडी नंतर.

शेगडी पेटवली तर काय बिघडलं? आमची आजी पेटवायचीच की

पेटवायची, पण आजीचं घर कौलारू होतं. कौलांतून, खिडकीच्या फटींतून, माजघराच्या झरोक्यातून हवा येत-जात होती. बर्फाच्या प्रदेशातलं घर मुद्दाम उलट बांधलेलं असतं: दुहेरी काच, दाराला रबरी पट्ट्या, भिंतींच्या पोटात ऊब धरणारा थर. ज्या बंदिस्तपणामुळं ते घर उबदार राहतं, त्याच बंदिस्तपणामुळं आत पेटवलेल्या कशाचाही वायू बाहेर जात नाही.

कोळसा, लाकूड, पेट्रोल, गॅस काहीही नीट जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. माणूस श्वास घेत राहतो, छाती हलत राहते आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, आणि झोप यायला लागते. थंडीच्या दिवसांत हे फ्लूसारखं वाटतं, म्हणून माणूस अंगावर पांघरूण घेऊन आडवा होतो. तिथंच घात होतो. ओळखायची खूण एकच: घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर तो फ्लू नव्हे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथल्या लोकांना अशा थंडीची सवय नाही, आणि ४५ लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली. लोकांनी घरात बार्बेक्यूच्या शेगड्या आणल्या, गॅरेजमध्ये गाडी सुरू करून आत बसले. सरकारी मोजणीत २४६ मृत्यू नोंदले गेले. सगळ्यात जास्त थंडीनं, पण या वायूनं गेलेलेही त्यात आहेत.

गाडीचं तर वेगळंच आहे. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यू जर्सीत बाहेर एक माणूस गाडीभोवतीचा बर्फ काढत होता आणि आत इंजिन सुरू ठेवून त्याची बायको-मुलं ऊब घेत बसली होती. धुराचा पाइप बर्फात बुजलेला होता. बायको आणि लहान मूल तिथंच गेलं. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त पर्यटक गाड्यांतच मरण पावले. तिथंही या वायूचं नाव पुढं आलं. म्हणून नियम असा: गाडीत अडकलात तर गाडी सोडू नका, पण आधी उतरून धुराच्या पाइपाभोवतीचा बर्फ काढा. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा आणि एक काच बोटभर खाली ठेवा.

जनरेटरबद्दल नेहमीचा प्रश्न असतो, गॅरेजचं दार उघडं ठेवून चालवला तर? नाही. घरापासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर, धुराचं तोंड खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला. जेवण करायची गॅसची शेगडी खोली तापवायला वापरायची नाही, ओव्हनचं दार उघडं ठेवून तर अजिबातच नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे भिंतीवरचा अलार्म. धुराचा आणि या वायूचा असा दोन्हींचा मिळून तो येतो. गोची अशी की आपली फोडणी त्याला सहन होत नाही. मिरची-मोहरी तडतडली की तो घरभर बोंबलतो, आणि वैतागून कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. नंतर ती टीव्हीच्या रिमोटमध्ये जाते. भारतीय घरांत ही गोष्ट इतकी सर्रास आहे की फोनवर विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

आणि हे सगळं फक्त अमेरिकेचं आहे असंही नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही फौजी गावात काश्मीरला राहून आलेल्या माणसाला ‘बुखारी’ विचारा. खोलीच्या मधोमध ठेवतात ती लाकडाची, कोळशाची नाहीतर रॉकेलची लोखंडी शेगडी, वर धुराचा पाइप. तिकडं दर हिवाळ्यात बंद खोलीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. झोपण्याआधी बुखारी विझवायची आणि खिडकी जराशी किलकिली ठेवायची, ही फौजींची शिस्त त्यातूनच आली आहे.

नळ का गळत ठेवतात?

माझा भाचा बफेलोजवळ राहतो. एका रात्री व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईचं लक्ष मागच्या सिंककडं गेलं. नळातून दोऱ्याएवढी धार सुरू, आणि सिंकखालच्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी, आत फिनेलच्या बाटल्या दिसतायत. ‘अरे, पाणी वाया चाललंय, आणि हा पसारा कसला?’ दोन्ही गोष्टी त्यानं मुद्दाम केल्या होत्या.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बाहेरच्या भिंतीतून गेलेल्या पाइपात बर्फाचं बूच तयार होतं. ते बूच वाढत जातं तसं ते आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब येतो, आणि पाइप फुटतो तो बहुतेक वेळा बूच नसलेल्या जागी, दाबानं. नळ थोडा सुरू ठेवला की तो दाब निघून जातो. कपाटाची दारं उघडी ठेवली की खोलीतली ऊब भिंतीतल्या पाइपापर्यंत पोचते. म्हणूनच घर बंद करून भारतात येतानाही हीटर पूर्ण बंद करायचा नसतो, १३ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो.

फुटलेला पाइप गोठलेला असतो तोवर कळतही नाही. चार दिवसांनी ऊन पडतं, बर्फ वितळतो आणि छतातून पाणी गळायला लागतं. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे आणि तो आज फिरतो का, हे वादळाआधी बघून ठेवावं. भाड्यानं राहणाऱ्या पोरांना तो कुठं आहे हे हमखास माहीत नसतं.

फावड्यानं बर्फ ओढायला काय लागतं?

हिशेब करू. दोन गाड्या मावतील अशी दारासमोरची जागा, समजा ५ मीटर बाय १० मीटर. त्यावर ३० सेंटीमीटर बर्फ म्हणजे १५ घनमीटर. कोरडा, हलका बर्फ धरला तरी वजन दीड टन. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. शिवाय रस्ता साफ करणारं यंत्र जाताना तुमच्या दारात दगडासारखा कडक बांध टाकून जातं, तो वेगळा.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात वजन उचलताना माणूस श्वास रोखतो. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याच्या हृदयाला हा अचानक आलेला भार झेपेलच असं नाही. भारतीय वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेनं कमी वयात येतो, म्हणून ‘मी चाळिशीतला आहे, मला काय होतंय’ हे बोलणं फार खरं धरू नये. उचलण्यापेक्षा ढकलायचा, थोडा थोडा, पडत असतानाच दोन-तीनदा, आणि जेवल्या जेवल्या नाही. छातीत दुखलं, दम लागला तर फावडं तिथंच टाकायचं. इथून बाळंतपणासाठी गेलेल्या सासऱ्यांनी ‘आण इकडं, मी काढतो’ म्हणत पुढं होऊ नये. गावाकडं पाटाचं पाणी फिरवणं वेगळं.

मीठ टाकून बर्फ वितळतो, कारण मिठाचं पाणी शून्याच्या खाली गोठतं. पण साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं चालत नाही.

दारूनं ऊब येते, हे तरी खरं ना?

वाटते, येत नाही. दारूनं कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त पृष्ठभागाकडं येतं, चेहरा तापल्यासारखा होतो आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला हुडहुडी भरते. मग बोबडी वळते, माणूस विसंगत बोलतो, हातातून वस्तू पडतात. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नये. शरीरानं झगडणं सोडलंय, तातडीनं मदत हवी. ओले कपडे काढायचे, आधी छाती-पोट गरम करायचं. गोठलेली बोटं चोळायची नाहीत, कोमट पाण्यात धरायची.

पृथ्वी तापतेय म्हणता, मग एवढा बर्फ कसा?

हा टोमणा दर वादळात व्हॉट्सॲपवर फिरतो. हवा एका अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. तापमान शून्याच्या खाली राहिलं तर ते बाष्प बर्फ होऊनच पडणार. बफेलोचं तर आणखी सरळ आहे. शेजारी इरी हे अफाट सरोवर. ते गोठलेलं नसेल तर थंड वारा त्यावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. ते गोठलं की हा पुरवठा आटतो. हिवाळे सौम्य झाले की सरोवर उशिरा गोठतं, म्हणजे पुरवठा जास्त दिवस चालू. हिवाळा एकूण आखडतोय आणि तरी एखादं वादळ जबर असतं, यात विरोधाभास नाही.

इथून काय करता येतं?

वीज गेलेली असताना सारखे व्हिडिओ कॉल करू नका. फोनची बॅटरी हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी धागा असतो. एक मेसेज टाका, उत्तर उशिरा आलं तरी चालेल असं त्यात लिहा. बोलायचं ते वॉच लागल्याच्या दिवशी बोला: अलार्ममध्ये बॅटरी आहे का, धुराच्या पाइपाचं तोंड कुठं आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठं आहे, शेजारी एकटं म्हातारं माणूस राहतं का.

मग एकदा आपल्या बाथरूमकडंही बघा. गॅस गीझर आत, दार बंद, खिडकी थंडीमुळं लावलेली, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ झाला तरी बाहेर येत नाही, अशा बातम्या हिवाळ्यात आपल्याकडंही येतात. वायू तोच. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागेत बसवायचा. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा आणि मगच आंघोळीला जायचं. गीझर बाहेर हलवायला प्लंबरचं एका दिवसाचं काम आणि थोडा पाइप, एवढाच खर्च आहे.